शेवटची पायरी

"पायरी... पायरी... जरा डावीकडे घ्या... पायरी."

काचवाला उलट्या पावलांनी जिना उतरत होता. जेवणाच्या टेबलाची जाडजूड काच, पुढचं टोक त्याच्या हातात, मागचं साडूच्या. पुढचा उलटा उतरणार, मागचा पायऱ्या सांगणार, आणि सांगितल्याबरोबर पुढच्याने पाय टाकायचा. चाचपत बसायचं नाही. चाचपलं की काच हिसका खाते. दोघी सख्ख्या बहिणी या दोघांना दिल्या, तेव्हापासून हीच रीत. बायको म्हणायचीच, "माझ्यापेक्षा तुमचा विश्वास साडूवर जास्त." खोटं नव्हतं ते.

मधल्या चौकात दम खायला त्यांनी काच भिंतीला टेकवली. वरून घरमालकीण डोकावली आणि साडूला म्हणाली,

"अहो, पुतण्याबरोबर नवीन दुकान काढताय ना? मग आमच्या खिडक्या तुमच्याकडेच हं!"

साडू नुसताच खोकला.

दुकान खरं तर काचवाल्याने आणि साडूने मिळून काढायचं होतं. जागा दोघांनी बघितली होती, शटरला रंग कुठला द्यायचा यावरून भांडूनही झालं होतं. परका असता तर एक वेळ गिळलं असतं. घरच्या माणसाने केसाने गळा कापावा? शाबास रे साडूभाऊ!

"आता तुम्ही पुढे व्हा," काचवाला म्हणाला.

"मी? मला कुठे सवय आहे उलटं उतरायची!"

"मी आहे ना सांगायला."

काच उचलली. साडू उलटा उतरू लागला.

"पायरी... पायरी..."

आणि काचवाला गप्प झाला. साडूचा एक पाय अधांतरी राहिला.

"अहो, बोला की! पायरी आहे ना?"

"दुकानाचं कधी सांगणार होता?"

"मागाहून... सगळं जमलं की सांगणारच होतो, शप्पथ! हात भरून आले हो, बोला लवकर."

काचवाल्याने त्याच्याकडे बघितलं. माणूस घामाने निथळत होता. एक चुकीचा शब्द पुरला असता, आणि तो जिभेवर आलाही होता. काचवाल्याने तो गिळला आणि काच घट्ट धरली.

"आहे. शेवटची. टाका पाय."

साडूने पाय खाली नेला आणि टेकवण्याआधी अंगठ्याने हळूच चाचपून बघितलं. काचेने हिसका खाल्ला.