पापणीपुरती जागा

ताणा नाही. बाणा नाही. तरी पिशवी आहे.

कचऱ्याची गाडी. तेच कन्नड गाणं, गल्लीच्या तोंडाशी अडकलेलं.

चहात साखर जास्त.

भरमूच्या चपला अजून त्याच्या दारातच. कुणी उचलत नाही.

जिन्याच्या वळणावर एक मूठ… कुणाची?

"मामा, आधार कार्ड घेतलंसा न्हवं?" सुनेने आतून विचारलं.

—पिशवीच. ती बोटांत धरून तम्मण्णा उजेडाकडे फिरवत राहिला. पांढरी, वर हिरवी अक्षरं. काल शिबिराची माणसं सीमाभागातल्या ह्या वडगावात घरोघर वाटून गेली होती. नखाने टोक ओढलं की कापडातून धागा सुटायला हवा, उभा नाही तर आडवा. इथे सुटत नाही, कारण धागाच नाही. कुठेतरी काहीतरी वितळवून, दाबून, चिकटवून कापडासारखं केलेलं. जन्म मागावर काढलेल्या माणसाला हे फुकट द्यायचं आणि वर छापायचं : सत्तर वर्षांपुढील सर्वांसाठी सरकारी आरोग्य कार्ड. त्याखाली, जास्त मोठ्या अक्षरात, एका खाजगी दवाखान्याचं नाव. त्याखाली, अगदी बारीक, विमा कंपनीचं. कार्ड सरकारचं, खाट दवाखान्याची, पैसा कंपनीचा, आणि अंग माझं. ह्या चौघांत जाणार कुणाचं काय, हे पिशवीवर छापलेलं नव्हतं.

चहा तो पूर्ण प्यायला. सुवर्णा, त्याची सून, एरवी साखरेचा डबा त्याच्यापासून लपवून ठेवायची. आज तिने स्वतःहून दोन चमचे घातले होते. गोड कशासाठी? बैलाला आधी चारा दाखवतात. मुलगा नागेंद्र उद्यमबागच्या कारखान्यातून सकाळीच फोन करून म्हणाला, "आण्णा, आज जाऊन या बगा, न्हायतर नंबर जातोय." नागेंद्र एरवी ड्यूटीवर असताना फोन करत नाही. ह्या घरात आपल्या पाठीमागे काहीतरी बोलणं झालंय… आपण आत आल्यावर थांबणारं बोलणं… काल रात्री चुलीपाशी… नाही, ते कदाचित गॅसबद्दल होतं. कदाचित.

जायचं ते ताराबाईसाठी, एवढं मात्र त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बायकोचे दोन्ही गुडघे गेले होते. ती आता बसली की जमिनीला हात टेकून उठायची, आणि उठताना आवाज करायची नाही, ते जास्त वाईट होतं. गुडघे बदलायचे तर कार्ड हवं. आणि ताराबाईने सांगून टाकलं होतं, "तुमी काढणार असशीला तर मी काढीन. एकटी जाऊन त्या खुर्चीवर बसणार न्हाय मी." सत्तरी दोघांचीही उलटली होती. तेव्हा तिच्या गुडघ्यांसाठी त्याने जायचं. त्याच्या अंगाचा ह्यात संबंध नव्हता.

संबंध नव्हता.

फक्त गेल्या महिन्यात, वरच्या मजल्यावर पाण्याची कळशी नेताना, जिन्याच्या वळणावर छातीच्या आत कुणीतरी मूठ वळली होती. वळली, पिळली, आणि डाव्या खांद्यातून खाली मनगटापर्यंत काहीतरी ओतत गेली. तो थांबला. तिथे भिंतीवर विजेचं मीटर आहे. तो मीटरचे आकडे वाचत उभा राहिला, सुवर्णा खालून बघेल म्हणून. मूठ हळूहळू उघडली. तेव्हापासून जिना चढताना तो दर वेळी मीटर वाचतो. घरातल्यांना वाटतं म्हातारा बिलाला जपतोय. वाटू दे. सांगितलं की ते दुखणं होतं. नाही सांगितलं तर ते नुसतं वळण आहे, भिंत आहे, मीटर आहे.

"अवं, चला की," ताराबाई दारातून म्हणाली. "पिशवीचं काय बघत बसलायसा? विकायची हाय काय?"

"कापड न्हाय हे."

"मग नका नेसू."

समुदाय भवन जवळच, पण ती दोघं सावकाश चालली. ती गुडघ्यांमुळे. तो तिच्यामुळे, असं तो तिला भासवत होता. भरमूच्या दारावरून जाताना त्याने मान वळवली नाही, तरी चपला दिसल्याच. भरमूने मागच्या शिबिरात कार्ड काढलं होतं. धडधाकट माणूस, कट्ट्यावर बसून तंबाखू मळणारा. कार्ड काढलं, तपासलं, आणि त्यांना त्याच्या छातीत लगेच काहीतरी सापडलं, आणि तो गेलाच. गल्लीत सगळे म्हणतात, भरमूला कार्डानं खाल्लं. तम्मण्णाही म्हणतो, सगळ्यांपेक्षा थोडं मोठ्याने. खिसा भरलेला दिसला की चोर येतो, तसं कार्ड दिसलं की रोग सापडतो, त्यांना सापडवावाच लागतो, त्यावरच तर त्यांचं… पण भरमू मंदिराच्या कोपऱ्यावर थांबून चपलेचा अंगठा सारखा करायचा. रोज. चप्पल तुटलेली नव्हती. मी बघायचो. मी बघायचो, आणि मला वाटायचं, नवी घे की रे एक. त्याच्या डाव्या हाताने धरलेली ती चप्पल… तो विचार तम्मण्णाने तिथेच, कोपऱ्यावर, टाकून दिला.

भवनात खुर्च्या, पंखे, गर्दी. दवाखान्याचे टी-शर्ट घातलेली चार पोरं-पोरी. सरकारचा माणूस कोणता ते तो शोधत होता. सगळे टी-शर्टातलेच होते.

"तकडच्या सरकारचं बी हाय म्हणं एक कार्ड," रांगेत पुढे बसलेली राजाबाई सांगत होती. "महाराष्ट्राचं. आपल्या मराठी लोकास्नी."

"मग तू कुठलं काढणार?" कुणीतरी विचारलं.

"दोनी काढते. एक ह्या कुशीला, एक त्या कुशीला. मरताना बॉर्डर कोण बघतंय?"

लोक हसले. तम्मण्णा हसला नाही. दोन सरकारं माणसाला आमचा म्हणतात, तेव्हा त्या माणसाने आधी मागे वळून बघावं, असं त्याला वाटलं. त्याने वळून बघितलं. मागे ताराबाई होती, आणि ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिने नजर काढली. का काढली?

टेबलामागच्या मुलीने आपलं नाव रचना सांगितलं. मराठी बोलत होती, मध्येच शेजारच्याशी कन्नड. तिने आधार नंबर घेतला, वय बघितलं, म्हणाली, "बसतंय अज्जा, तुमचं नाव बसतंय." जणू तो आजवर कुठे बसतच नव्हता.

"उत्पन्न विचारलं न्हाईस?"

"ह्याला उत्पन्न लागत नाही. सत्तरच्या वर कुणीही."

कुणीही. श्रीमंतही? श्रीमंतांनाही फुकट? मग तर नक्कीच.

"ही संमती आहे. तुमची माहिती वापरायला."

"कोण वापरणार?"

"सिस्टीम."

"तिचं घर कुठं?"

रचना खळखळून हसली. "बेंगळूरला असंल बघा, नाहीतर दिल्लीला. मी पण नाही बघितलेलं." तिच्या हसण्यात खोट सापडेना, आणि तेच त्याला खटकलं. "आता फक्त चेहरा द्या, अज्जा. ह्या गोलात बघा. आणि डोळे मिचकवा."

तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. काचेवर एक गोल, गोलात एक म्हातारा. हा म्हातारा आपल्याकडे असा काय बघतोय… संशय आल्यासारखा. गोलाची कड लाल होती.

"मिचकवा, अज्जा."

तो बघत राहिला.

"मिचकवा की."

मिचकवतोय असं त्याला वाटत होतं. गोल लालच. मोबाइलने काहीतरी लिहिलं आणि बंद पडला. रचनाने परत सुरू केला. परत लाल. "तुम्ही डोळेच हलवत नाही, अज्जा. त्याला कळायला नको का, समोर जिवंत माणूस आहे की फोटो?"

अच्छा. म्हणजे हे त्यालाच विचारत होते. सकाळपासून तो पिशवीला, साखरेला, फोनला, टी-शर्टांना विचारत होता, खरे आहात का. आणि इथे हे एवढंसं यंत्र त्याच्या तोंडासमोर येऊन तेच त्याला विचारत होतं. मी आहे. बसलोय की. पण पापणी… पापणीवर त्याचा हुकूम कधी चाललाच नव्हता. लहानपणी खड्ड्यातल्या हातमागावर आप्पांनी, त्याच्या वडिलांनी, मानगूट धरून शिकवलं होतं : आडवा धागा नेणारा धोटा ह्या टोकाचा त्या टोकाला जात असताना डोळा मिटायचा नाही, त्या क्षणी धागा तुटतो, आणि न बघता पुढे गेलास तर साडीला कायमची जाळी, फणी ठोकून धागा बसवलास की मिट, तेवढी जागा पापणीची. बस, तेवढीच. मग यंत्रमाग आले, आणि तेवढीही राहिली नाही. एकेका माणसामागे चार चार माग, डोळे रात्री कोरडे होऊन टोचायचे, आणि तो उघड्या डोळ्यांनी झोपतो अशी गल्लीत थट्टा व्हायची. माग मोडीत गेले त्याला वर्षं झाली. डोळ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"अवं तम्मण्णा," राजाबाई ओरडली, "बायकोला पयल्यांदा बघितलासा तवा मारला असशीला न्हवं डोळा, तसा मारा!"

"ह्यांनी कुटला मारतोय," ताराबाई म्हणाली. "बघायला आले ते माझ्या साडीचा काठ बघून गेले. तोंड लग्नात बघितलं."

भवन हसलं. त्याचे कान तापले. गोल चौथ्यांदा लाल झाला, आणि रचना शेजाऱ्याला कन्नडमधून म्हणाली की ह्यांना नंतर परत बोलवावं लागेल. परत. म्हणजे आज नको. त्याच्या पायांत एकदम हलकं काहीतरी आलं, सुटल्यासारखं, आणि तो उठायलाच लागला—

ठक्.

ताराबाई टेबलाशी येऊन उभी होती. बांगडीचा हात तिने टेबलाच्या कडेवर टेकवला होता.

"बघा तकडं," ती म्हणाली. मग सावकाश, जरा थांबून, परत : ठक्… मधे धोटा जायला लागतो तेवढी शांतता… ठक्… शांतता… ठक्.

त्याची पापणी पडली. आपोआप. परत ठक्, परत पडली. गोलाची कड हिरवी झाली, आणि काचेतला म्हातारा नाहीसा झाला.

"आलं!" रचना म्हणाली. "अज्जी, तुम्ही जादूगारच. आता तुम्ही बसा."

"आदी ह्यांचं तिकडं तपासून होऊ दे. मी काय पळून चालली न्हाय."

गुडघ्यांची भीती, त्याने मनात म्हटलं. सुरीचं नाव काढलं की बाई मागे सरते. पण तो विचार त्याच्या हातात राहीना. दुसराच येत होता. रहाटावर सुताच्या कांड्या भरत ती मागाशेजारी बसायची, अर्धा जन्म, मान खाली, सुताकडे डोळे. मान खाली होती. मग माझी पापणी केव्हा पडते हे हिला कसं… आणि पापणी माहीत असेल तर श्वास? जिन्यावरची पावलं? ती स्वयंपाकघरात असते, तिथून जिना दिसत नाही, पण ऐकू येतो. वळणावर पावलं थांबलेली ऐकू येतात. मीटर वाचायला आवाज लागत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर नर्सबाईने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. काट्याकडे बघून तिने कागदावर आकडा लिहिला. मग तिने सगळ्यांना विचारायची तीच ओळ विचारली. "काही त्रास? दम लागतो? छातीत दुखतं?"

न्हाय. शब्द तयार होता, घरातून निघतानाच जिभेखाली ठेवलेला. ताराबाई त्याच्या खुर्चीच्या मागे उभी होती. तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं, फक्त खुर्चीच्या पाठीवर टेकलेला तिचा भार कळत होता. ती बोलली असती तर बरं झालं असतं, तिच्यावर ओरडता आलं असतं. नर्सबाई पेन धरून थांबली. मी तोंड उघडलं. शब्द वर आला आणि तो कुणाला सांगायचा ते मला कळेना… ह्या मुलीला सांगून काय, तिला माझी पावलं ठाऊक नाहीत. आणि जिला ठाऊक आहेत तिला तो आता चालणार नव्हता. छातीत नेहमीच्या जागी, पहिल्यांदाच, मूठ नव्हती, नुसती जागा होती, मोकळी, थोडी गार, दार उघडं राहिलेल्या खोलीसारखी, आणि आत कोण येईल ह्याची भीती वाटत असतानाही ते दार लोटून घ्यायला हात उठेना.

"अज्जा?" नर्सबाई म्हणाली.

ताराबाईचं कार्ड चैत्रातच, ती भावाकडे निपाणीला गेली होती तेव्हा, निघालं होतं; आजचं येणं त्याच्यासाठीच होतं.