काउंटने ठरवलेलं लग्न

गोशे नुसता धुमसत होता. सात वर्षांचा असताना बाप गेला, आणि तेव्हापासून मुलखाचे धनी काउंट ओदोंनी त्याचं सगळं ठरवलं. कुठे झोपायचं, कोणाशी लढायचं, कोणत्या घोड्यावर बसायचं. आता बायकोसुद्धा! आणि तीही कोण, तर एर्सांद. जिच्या नवऱ्याला काउंटच्या माणसांनी याच सुगीत पुलावर कापलं, तीच. पूल तिचा, गढी तिची, म्हणून लग्न! ती बाळंतपणातून उठली की लगेच.

कालच तिला मुलगा झाला होता. गोशे तिच्या खोलीत शिरला तर ती उशांना टेकून बसलेली, आणि डोळे असे पेटलेले की तो दारातच थबकला.

“या, नवरदेव! माझ्या नवऱ्याचा घोडा पटकावलातच. जोडेही हवेत? पलंगाखाली आहेत.”

“घोडा मी मागितला नव्हता! तुम्हालाही नाही!”

“मग नाही म्हणा की त्यांना.”

“म्हटलं! नुसते हसले. म्हणाले, पोरा, तुझं तोंड जेवायला आहे.”

कोपऱ्यात बसलेली सुईण फिस्सकन हसली. एर्सांद नाही हसली.

“आज बाप्तिस्मा आहे,” ती हळूच म्हणाली. “काउंटचा कारभारी धर्मपिता होणार. पण पाण्यातून बाळाला जो उचलून घेईल, तोच धर्मपिता ना? आणि धर्मपिता बाळाच्या आईचा कोण लागतो?”

भाऊ! चर्चच्या लेखी सख्ख्यासारखा भाऊ. असं लग्न कुठलाच पाद्री लावणार नाही.

“काउंट माझी गढी हिसकावतील. बापाची तेवढीच उरलीय.”

“माझा नवरा गेलाय. तुमच्या गढीसाठी रडत बसू?”

तो दाणदाण पाय आपटत चर्चमध्ये आला. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी काउंट फरचा झगा घालून उभे होते, एकदम खुशीत. “ये पोरा! तयार बायको, तयार लेक! तुला काही कष्टच नाहीत!” म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. लोक खो खो हसले.

बस्स. डोक्यात काहीतरी तडकलंच. पाद्र्याने बाळाला शेवटचं बुडवलं, कारभाऱ्याने टॉवेल पुढे केला, आणि गोशेने त्याला कोपराने ढकलून बाळ स्वतःच उचललं.

पाद्री पांढराफटक. “काउंटसाहेब... बाईसाहेब आता याच्या बहीण झाल्या.”

“पुसून टाका ते!” काउंट ओरडले. “परत बुडवा त्याला!”

“बाप्तिस्मा एकदाच होतो, साहेब.”

काउंट लालबुंद. “गोशे, तुझी गढी जाळीन! भिकेला लावीन तुला!”

“जाळा!” गोशे असा गरजला की रडणारं बाळही गप्प झालं. “इतकी वर्षं तुमचं ऐकलं. आता माझं ऐका. नाही! नाही म्हणजे नाही!”

काउंट दार अडवून उभे राहिले. गोशेने अंगरखा सोडून त्या ओल्या जिवाला त्यात गुंडाळलं आणि सरळ त्यांच्या अंगावर चालून गेला.

“बाजूला व्हा. पोराला थंडी वाजतेय.”