डावीकडचा पत्ता

मित्रांनो, मला जन्मून अजून दोन वर्षंही झाली नाहीत, तरी मी एक जुनी वेबसाइट आहे. आमच्या जातीला म्हातारपण लवकर येतं.

१९९८ साली ठाण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जयाने मला घडवलं. ती बाळकुमच्या कोळ्यांची मुलगी. तिचा थोरला भाऊ परशुराम होडी विकण्यावरून आईशी भांडला आणि परदेशी बोटीवर नोकरीला गेला, तो गेलाच. पाच वर्षांत एक पत्र नाही. मागे बाळकुमच्या घराच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि मायलेकी टिटवाळ्याला राहायला गेल्या. आता मुलाचा राग निवला, तर त्याने लिहायचं कुठे? तेवढ्यासाठी माझा जन्म.

जयाने माझे तीन भाग केले. त्यांना फ्रेम म्हणतात. वर माझं नाव आणि येणाऱ्यांची संख्या मोजणारा आकडा, डावीकडे टिटवाळ्याचा पत्ता, मध्ये आई शेवंतीबाईंचा फोटो आणि मजकूर. खरं तर या तीन वेगळ्या फायली. एका चौकटीत बसवल्या की एकच पान वाटायच्या. पत्ता पुन्हा पुन्हा टाइप करायला नको म्हणून तिने तो फक्त डावीकडे ठेवला. मध्ये फोटोखाली शेवंती, जया, बाळकुम अशी नावं घातली आणि लिहिलं, "दादा, आपलं घर बदललंय. पत्ता डावीकडे लिहिलाय. आई वाट बघतेय." मराठी अक्षरं परदेशात दिसतील की नाही कोण जाणे, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत.

क्लासच्या सरांनी मला सगळ्यांना दाखवलं. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू? एका रविवारी शेवंतीबाई स्वतः मला बघायला आल्या.

"जये, त्याला आपला नवा घर गावंल ना गो?"

"गावंल, आये. नुसतं तुझं नाव टाकलं तरी सर्चमध्ये येईल."

सर्च इंजिन आलंही. चौकट स्वतः रिकामीच, तिच्यात त्याला एक शब्द मिळाला नाही. मधली फाइल मजकुराने भरलेली, म्हणून त्याने तेवढीच नोंदवून घेतली.

पुढच्या वर्षी दूरच्या एका बंदरातून कुणीतरी आलं. काय शोधत आलं ते मला दिसतं: शेवंती, जया, बाळकुम. सर्च इंजिनने त्याला थेट मधल्या फायलीवर आणून सोडलं. भोवती चौकट नाही, डावीकडे काहीच नाही. नुसता आईचा फोटो आणि खाली "पत्ता डावीकडे लिहिलाय". तो सलग चार दिवस आला. पत्ता शेजारच्याच फायलीत होता आणि मला हाक मारता येत नव्हती. मग तो यायचा थांबला. दैव देतं आणि कर्म नेतं.

जया दर रविवारी मला उघडायची, ती मुख्य दारातून. तिला तिन्ही फ्रेम नीट दिसायच्या. आकडा वरच्या फ्रेममध्ये, त्यामुळे मधल्या फायलीवर आलेल्या त्या पाहुण्याने तो हललाच नव्हता.

यंदा दिवाळीनंतर शेवंतीबाई गेल्या. जयाने मला शेवटचं उघडलं आणि "आई वाट बघतेय" एवढंच पुसलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही पानं बनवाल. प्रत्येक पानावर घरचा पत्ता लिहा; खिडकीतून डोकावणाराही घरचाच असू शकतो. माझी जागा या महिनाअखेर रिकामी होणार आहे. त्याचं दुःख नाही. पण जया सगळ्यांना सांगते, दादाने आम्हाला एकदाही शोधलं नाही. शेवंतीबाई हेच मनात घेऊन गेल्या.