गप्प यादी

शीतखोलीला तिने चौथ्यांदा खोटा ताप चढवला आणि मेलची वाट बघत बसली. खरी शीतखोली खाली तळमजल्यावर उणे वीस अंशांत निवांत गारठलेली होती. पारा भलताच वर गेलाय असं फक्त स्क्रिप्टला सांगायचं होतं. स्क्रिप्ट तिनेच लिहिलेली, नऊ वर्षांपूर्वी. संस्थेच्या नेटवर्कवरच्या एकेका यंत्राला ती दर पाच मिनिटांनी विचारायची, बरं आहे ना? उत्तर वाकडं आलं की ज्याचं यंत्र त्याला मेल. आता संचालकांचा हुकूम सुटला होता की शीतखोलीचा मेल यापुढे एकाला नाही, पाच जणांना जावा. पाच पत्ते घालायचे, म्हणजे डाव्या हातचा मळ. पण पाचांतल्या एकालाही मेल जात नव्हता.

"अरे, जा की बाबा," ती पडद्याला म्हणाली.

हुकूम सुटला तो मागच्या रविवारमुळे. त्या दिवशी शीतखोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि सोमवारी दार उघडलं तेव्हा सहा वर्षांच्या संशोधनाचे नमुने वितळून गेले होते. खोली सांभाळायचे स्वेटरकाका. भर उन्हाळ्यातही अंगात तपकिरी स्वेटर, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक. चौकशी समितीने त्यांना तीनदा विचारलं, "मेल आला होता का?" तीनदा ते म्हणाले, "नाही आला."

मग समितीने हिला बोलावलं. हिने नोंदींची फाईल उघडून दाखवली. रविवारी दुपारपासून दर पाच मिनिटांनी 'इशारा', 'इशारा', 'इशारा'. "माझी स्क्रिप्ट खोटं बोलत नाही," ती म्हणाली होती, आणि म्हणताना तिला आतून छान वाटलं होतं. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी पुटपुटलं, नाचता येईना अंगण वाकडं. काकांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांना कामावरून काढायचं पत्र आज पाच वाजता सहीला जाणार होतं.

ती स्क्रिप्टची एकेक ओळ बोटाने वाचत खाली उतरू लागली. आधी 'इशारा' अशी नोंद. मग एक छोटी तपासणी. मग मेल. त्या मधल्या तपासणीवर तिचं बोट थांबलं. दुरुस्ती चालू असताना यंत्राने उगाच कोकलू नये म्हणून तिने एक यादी ठेवली होती, तिचं नावच 'गप्प'. यादीत ज्याचं नाव, त्याची नोंद व्हायची, पण मेल जायचा नाही.

तिने यादी उघडली. पहिल्या ओळीत कधीच भंगारात गेलेला एक प्रिंटर. दुसऱ्या ओळीत शीतखोली, पुढे तारीख.

तारीख तिला पाठ होती. त्याच दिवशी लेक सायकलवरून पडली होती. दवाखान्यात हनुवटीला टाके घालताना हिने एका हाताने तिचं डोकं धरलं होतं, आणि दुसऱ्या हातातला फोन वाजला होता, काकांचा. कॉम्प्रेसरवाला मिस्त्री आलाय, दिवसभर काम चालेल, दर पाच मिनिटांनी मेल येतोय, तेवढा बंद करता का? तिने तिथूनच, अंगठ्याने, बंद केला होता. उद्या चालू करू म्हणून.

ती ओळ पुसायला एक बटण पुरे होतं. पुसली असती तर मेल पाच जणांना गेला असता, हुकमाची तामिली झाली असती आणि कोणाला सुगावाही लागला नसता. तिचं बोट त्या बटणावर जरा जास्तच वेळ राहिलं. मग ती उठली आणि खाली गेली.

काका शीतखोलीबाहेर स्टुलावर बसून रिकाम्या ट्रेवरच्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढत होते.

"काका, तुमचा मेल मीच बंद केला होता. दुरुस्तीच्या दिवशी. परत चालू करायचा राहिला."

"हो ना. मीच तर सांगितलं होतं बंद करायला." त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे तुमच्या लक्षात होतं?"

"समितीपुढे उभा राहिलो तेव्हा आठवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी विचारलं, मेल आला का. मी म्हटलं, नाही आला. खरं तेच सांगितलं." एक चिठ्ठी चिकटून बसली होती, ती त्यांनी थुंकी लावून ओली केली. "आणि ताई, मी फोन केला तेव्हा मागून पोरीचं रडणं ऐकू येत होतं, हनुवटीला टाके घालतायत म्हणालात. तसल्या वेळी कामाचं सांगणारा मीच. ते कुठे चारचौघांत काढायचं?" मग त्यांनी विचारलं, "हनुवटी कशी आहे तिची?"

"बरी आहे. व्रण राहिलाय."

"जाईल. लहान आहे अजून."

तिला लाज वाटली. ती तशीच वर आली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने स्क्रिप्ट बदलायला घेतली. यापुढे कोणतंही यंत्र गप्प करायचं तर गप्प करणाऱ्याने स्वतःचं नाव आणि कारण लिहायचं. आणि ते यंत्र यादीतून निघेपर्यंत रोज सकाळी सगळ्यांना त्याचा मेल. काम अर्ध्या तासाचं. नऊ वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मग त्या दुसऱ्या ओळीपुढे तिने आपलं पूर्ण नाव टाईप केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: दुरुस्तीपुरता बंद केला, चालू करायला विसरले. रविवारी स्वेटरकाकांना मेल गेलाच नव्हता. समितीपुढे मी चुकीचं सांगितलं.

'स्वेटरकाका' खोडून तिने पगारपत्रकातून त्यांचं खरं नाव शोधून घातलं. पाच पत्त्यांखाली समितीच्या तिघांचे आणि काकांचा असे चार पत्ते घातले, सकाळची वाट न बघता मेल सोडला आणि जिना उतरली.

काका ट्रे एकावर एक रचत होते. त्यांच्या स्वेटरच्या खिशात फोन गुरगुरला.

"काका," ती दारातूनच म्हणाली, "मेल आला का?"

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वर जाऊन, आपल्या नावापाशी थांबून, पुन्हा वाचलं.

"आला," ते म्हणाले.