पलंगाखाली पाहणारा माणूस

राखी शाळेतली नोकरी सांभाळून घरूनच डेटा सायन्सचं एम.एस्सी. करत होती, पण दार लावून लॅपटॉपशी बोलण्याला अभ्यास म्हणायला तिची सासू गीताबाई तयार नव्हती. रविवारी गोहलपुरातल्या त्यांच्या घरात आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, "मैडम, पलंग के नीचे दिखाइए." गीताबाईने दार ढकललं. राखी वाकून लॅपटॉप पलंगाखाली फिरवत होती.

"आई, ऑनलाइन परीक्षा आहे. ते सर लॅपटॉपवरून लक्ष ठेवून राहिले. तुम्ही बाहेर जा, नाही तर पेपर रद्द होईल."

"आधी त्याले ओळखपत्र दाखवायला सांग."

त्या माणसाने निमूटपणे कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं. गीताबाईने चष्मा लावून फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, मगच ती बाहेर गेली.

पेपर संपल्यावर तिने विचारलं, "पलंगाखाली काय पाहून राहिला होता तो?"

"मला उत्तरं सांगायला कोणी लपलंय का, ते."

"म्हणजे तुझ्यावर संशय?" गीताबाईला ते फार लागलं.

पुढच्या पेपरला दार तिनेच ओढून घेतलं; त्याआधी लॅपटॉपकडे पाहून मोठ्याने म्हणाली, "देख लो भैया, अंदर कोई नहीं है."