उघड्या पातेल्यातला काढा

धुलाईखान्यात वाफेचा पाइप फुटला तेव्हा आम्ही बायका आत होतो आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. तेव्हापासून माझे हात कापतात. कप बशीवर वाजतो, झोपेत दचकते. खोटं कशाला बोलू?

सासूबाई मला जटामांसी देत होत्या. मुळ्या कुटून कोमट पाण्यात भिजवायच्या, वर घट्ट झाकण, आणि उकळायचं अजिबात नाही. वास ओल्या मोज्यांचा, पण झोप लागते. त्यांच्या हाताला गुण आहे.

आज त्या अपघाताची चौकशी होती. माझा नवरा धुलाईखान्यातलाच मुकादम. मालकांनी त्याला कालच बजावलं होतं, "बाईंच्या नसा कमजोर आहेत, त्यांना घरीच ठेवा." म्हणून सकाळी स्वारी स्वयंपाकघरात. ज्याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, त्याने मुळ्यांचा अख्खा डबा पातेल्यात ओतला आणि झाकण न ठेवता खदखदवला. घरभर वास.

"सगळा पी आणि झोप," तो म्हणाला. "माझी नोकरी जाईल गं."

मला त्याची कीव आली, रागही आला. त्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात असायची.

सासूबाईंनी पातेल्यात डोकावलं. "अरे उंटावरच्या शहाण्या, वाफेत जन्म काढलास आणि एवढं कळेना? औषध सगळं उडून गेलं. हे नुसतं कडू पाणी." मग मला म्हणाल्या, "पी बिनधास्त. मी येते बरोबर."

मी घटाघटा प्यायले, पेला त्याच्यासमोर उपडा ठेवला आणि चपला घातल्या. तोही मागून आला.

चौकशीच्या खोलीत मालक गोड हसले. "ताई, हात बघा कसे कापताहेत. आधी शांत व्हा."

"काढा पिऊनच आलेय," मी म्हटलं. "मुकादमांनी स्वतः केलाय."

हात मी लपवले नाहीत. टेबलावरच ठेवले. कापू देत.

"दाराला बाहेरून कुलूप होतं," मी चौकशीच्या साहेबांना सांगितलं. "किल्ली मुकादमाकडे. मुकादम माझा नवरा. आणि कुलूप लावायला सांगणारे हे मालक."

नवरा दाराशी मान खाली घालून उभा होता. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या.