बोंड्याची सफाई

नख... मागच्या उजव्या पायाचं, तांदळाच्या कणीएवढं, आतल्या बाजूला वळलेलं, आणि अंगणातल्या उन्हात धरलं की आरपार दिसणारं. आत एक गुलाबी रेघ. ती रेघ जिवंत असते, मास्तर म्हणाले होते, तिच्या अलीकडेच कापायचं. भागीरथेनं ते नख दोन बोटांत धरून ठेवलं होतं, आणि कापत मात्र नव्हती. आजचं काम नखाचं नव्हतंच. पण नखाकडे बघत राहिलं की बाकीच्याकडे बघावं लागत नव्हतं.

बाकीचं म्हणजे बोंड्या. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा पांढरा, कानापाशी तपकिरी ठिपका असलेला, वय झालेला नर गिनीपिग. तिचे यजमान बबनराव, म्हणजेच मास्तर, पांढरकवड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांनी नागपूरहून जोडी आणली होती, शाळेत नव्या राज्याचे नकाशे ज्या खोक्यातून आले त्याला जाळी मारून त्यात ठेवली होती. मादी उन्हाळ्यात गेली. हा उरला. आणि कालपासून हा कोपऱ्यात पाठ उंच करून बसला होता, मेथीच्या काडीकडेही बघत नव्हता, मधूनच जोर करायचा आणि थांबायचा.

काय झालंय ते तिला ठाऊक होतं. म्हाताऱ्या नराच्या मागच्या अंगाला कातडीची एक पिशवी असते, ती वयानं सैल पडते, लेंड्या आतच साचतात, त्यांचा घट्ट गोळा होतो. वेळेवर काढला नाही तर जनावर हातचं जातं. मास्तर दर रविवारी अंगणात बसून काढायचे. ती दारात, नाकाला पदर लावून, अर्धी वळलेली. पण मास्तर शिक्षकांच्या शिबिराला मारेगावला गेलेले, मधले रविवार कोरडे गेलेले, आणि गुरांच्या दवाखान्यातला माणूस काल हसून म्हणाला होता, "बाई, उंदरायसाठी सरकारनं अजून डाक्टर नाही धाडला."

मग रात्री पडल्या पडल्याच तिनं मनाशी मांडलं होतं : आंघोळीच्या आधी करायचं. मग आंघोळ, मग देव. विटाळाचा प्रश्न मिटला. राहिलं मौन. चातुर्मासभर, उठल्यापासून पूजा होईपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. चातुर्मास संपवणारी एकादशी आता हाताशी आली होती आणि एकही सकाळ चुकली नव्हती. तसं सोपंच गेलं. इतकं सोपं, की आपली बायको सकाळची बोलत नाही हे मास्तरांच्या ध्यानात यायलाच आठवडा लागला होता. तेव्हा हसू आलं होतं... हसूच होतं ना ते?

कोमट पाणी. वाटीत खोबरेल तेल. भिजवलेले रिठे. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, उदबत्तीच्या रित्या काड्यांना गुंडाळलेला घरचा कापूस. देवाची तयारी करावी तसं सगळं मांडलेलं, आणि छाती अशी धडधडत होती, जशी... कशासारखी? लग्नाच्या दिवशीसुद्धा धडधडली नव्हती अशी.

"भागीरथाबाई, दूध!" तांड्यावरची लालीबाई चरवी घेऊन थेट अंगणात. "काहून वो, त्याले मांडीवर घेऊन बसली? मास्तर नाहीत तं याच्या संगच संसार मांडला का?"

भागीरथेनं ओठांवर बोट ठेवलं.

"हो माय, तुह्यं मौन. बरं हाय बाई तुह्यं. म्या मौन धरलं तं म्हशी उपाशी मरतीन, अन् आमचा घरवाला खेमसिंग म्हणंन, पह्यल्यांदा देव पावला!"

भागीरथेनं तिच्या हाताला धरून खाली बसवलं, बोंड्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या हाती दिलं, मागचं अंग आपल्याकडे.

"म्या धरू? चावंन तं नाही? याडी वो, माय माय, कसा लोण्यासारखा हाय!" मग वाकून पाहिलं तिनं. "हा तं बाप्या हाय! पाह्य, पाह्य, लाजला तो."

हसू दाबताना भागीरथेचे खांदे हलले. हसणं मौनात बसतं का, कुणाला विचारावं!

आधी कण्याच्या शेवटी, जिथं शेपूट असायला हवी होती तिथली गाठ. चिकट, पिवळट, केस मेणासारखे चिकटलेले. तेल लावलं, बोटानं गोल गोल फिरवलं, रिठ्याच्या फेसानं पुसलं... आणि खालून पांढरे केस वर आले तसा तिच्याच अंगावरून कुणी मायेचा हात फिरवावा असं वाटलं. मग खाली. मग ती कातडीची घडी. वास आला, पण नाकाला पदर लावायला हात मोकळे नव्हते, आणि नवल म्हणजे तो वास नुसता वासच होता. कोमट पाण्याचा बोळा धरून ठेवला. तेल सोडलं. कापसाची काडी कडेकडेनं फिरवली, अंगठ्यानं खालून हलकेच दाबलं. गोळा हलला... थांबला. बोंड्यानं अशी किंकाळी फोडली की लालीबाईनं घाबरून मूठ आवळली.

सैल धर! सैल धर, त्याचा जीव जाईल! भागीरथेनं जीभ दातांत धरली, कोपरानं ढोसलं. लालीबाईनं आणखीच आवळलं. "सुटून राह्यला वो हा!" शेवटी भागीरथेनं वाकून कपाळ तिच्या मनगटावर टेकवलं आणि ढकललं, तेव्हा कुठं मूठ सैल झाली. त्या चिमुकल्या अंगातलं काळीज बोटांखाली इतकं जलद उडत होतं की त्याचं कुठलं आणि आपलं कुठलं कळेना. आणखी तेल. थोडं थांबून... आता. अंगठा. हळू... हळू रे राजा...

"निघालं!"

सुपारीएवढा काळा गोळा तळहातावर.

"निघालं वो लालीबाई! अख्खं निघालं! पाह्य, पाह्य तं!"

आवाज कुंपणावरून पलीकडे गेला. शेजारच्या घराच्या धाब्यावर शेंगा वाळत घालणारी बाई ताठ उभी राहिली. लालीबाईचं तोंड उघडंच. "भागीरथाबाई... तुह्यं मौन..."

मी ओरडले? मी?

आणि त्याबरोबर, कुठून कोण जाणे, माहेरचं वावर. केळापूरची ज्वारी, हुरड्यात आलेली, राखणीच्या माळ्यावर उभी ती, परकर खोचलेली. पाखरांचा थवा उतरला की तिची आरोळी नाल्यापलीकडे जायची, पलीकडचे राखणदार म्हणायचे, नानाजीच्या पोरीच्या वावरात पाखरू दाणा टिपत नाही. तो गळा गेला कुठं? कुणी मारलं नाही, कुणी दटावलं नाही. सासरी माणसं हळू बोलायची म्हणून तीही हळू बोलू लागली, मग आणखी हळू, आणि मग तर त्याचंच व्रत झालं.

"मोडलं तं मोडलं," ती म्हणाली, आणि तेही मोठ्यानंच. "इकडं आण त्याले. ओला ठेवला तं सर्दी होईन."

"देव रागवंन न वो?"

"ठाऊक नाही बाई मले."

तिनं बोंड्याला फडक्यात घोळवून कोरडा केला, उन्हात ठेवला. तो जरा वेळ दबून बसला, मग अंग झाडून, म्हातारपण विसरून, जागच्या जागी एक उडी मारली आणि मेथीकडे धावला. लालीबाई टाळ्या पिटत होती. भागीरथा बोलत होती. त्या कातडीच्या घडीविषयी, तेलाविषयी, अंगठा कुठून दाबला त्याविषयी, तेच तेच, आणि थांबता येत नव्हतं.

आंघोळ झाली. देवापुढं पाट मांडला, समई लावली. आता रडू येईल म्हणून तिनं डोळे मिटले. आलं नाही. एकादशी अशी तोंडावर. धरलेलं मोडलं ते मोडलं, की उद्यापासून पुन्हा धरलं तर चालतं... आधी क्षमा तरी मागावी. पण ती मनात मागायची की तोंडानं? पूजा अजून व्हायची होती, म्हणजे मौनाची वेळ अजून संपली नव्हती. तिनं श्वास भरून घेतला, माळ्यावर उभी असताना घ्यायची तेवढा, आणि तो तसाच छातीत धरून बसली. ओठ उघडे होते.